गुडघ्याएवढा समुद्र

भोपाळच्या शाहपुऱ्यातल्या त्या घराच्या अंगणात बकुळीच्या फांदीला तांब्याचा एक छोटा लोटा लाल फडक्यात बांधून टांगलेला होता, आणि घरातलं कुणीही बकुळीखालून जाताना मान वर करत नव्हतं. मान वर न करताही तो सगळ्यांना दिसत होता. लोट्यात अमेय होता. ओंजळभर राख आणि दोनचार अस्थी, एवढाच.

बाकीचा अमेय रीतीप्रमाणे नर्मदेला गेला होता. पण भदभद्याच्या विश्रामघाटावर, म्हणजे स्मशानात, राख सावडायला पुरुषमाणसं निघाली, तेव्हा रसिका, त्याची बायको, फाटकाशी आडवी झाली. सासऱ्याला म्हणाली, "बाबा, थोडं बाजूला ठेवा. समुद्रासाठी." मनोहररावांनी नुसती मान हलवली. त्या दिवशी कुणी त्यांचं राहतं घर मागितलं असतं, तरी त्यांनी तशीच मान हलवली असती.

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून लोटा झाडाला. आणि झाडाला म्हणून, आईच्या डोळ्यांपुढे. सुनंदाबाई सकाळी बकुळीला पाणी घालायच्या. पूर्वी एक बादली घालत, आता दोन घालत. झाडाला एवढं पाणी लागत नाही हे त्यांनाही कळत होतं. पण हात कुठे ऐकतो?

पोरगा समुद्राचा कसा झाला, हे त्या घरातलं जुनं कोडं. मनोहररावांचे वडील राज्य नवं झालं तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले. आधी नाग नदी, मग बडा तालाब. घराण्याला पाणी ठाऊक होतं ते एवढंच. अमेय नोकरीला बंगलोरला गेला आणि तिथून सुट्टी मिळाली की किनाऱ्याला पळू लागला. फळीवर पालथं पडायचं, हातांनी पाणी मारत आत जायचं, लाट पाठीशी आली की उठून उभं राहायचं. सर्फिंग म्हणतात त्याला. फोनवर तो हे सांगायचा आणि सुनंदाबाई विचारायच्या, "आणि मग?" तो म्हणायचा, "मग काय आई, पडायचं." रसिका त्याला तिथंच भेटली, अशीच पडताना. आणि ज्या समुद्राला सुनंदाबाई इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या देत होत्या, त्यानं त्याला एक ओरखडासुद्धा काढला नाही. नेलं ते रस्त्यानं, भर दुपारी, एका ट्रकनं.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. "त्याच्या आत तेवढं मार्गी लावा," गुरुजी म्हणाले होते, आणि बोलताना त्यांनी बकुळीकडे न बघता बोट केलं होतं.

त्या संध्याकाळी रसिकानं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. ती सासरीच राहून बंगलोरचं काम करत होती. माहेर इंदूरचं, तिकडून आईचे फोन यायचे, ती बाल्कनीत जाऊन हळू आवाजात बोलायची. काय बोलायची ते सुनंदाबाईंना न ऐकता कळत होतं. एकोणतिशीची पोर. किती दिवस?

"बाबा, किनारा कुठला ते ठरवू या," रसिका म्हणाली. "सगळे किनारे सारखे नसतात. नवशिक्याचा वेगळा असतो. खाली वाळू, उतार मंद, लाट दूरवर फुटून फेस होऊनच आपल्यापाशी येते. पडलं तर वाळूत पडतो, नाकात पाणी जातं, बस. मधल्याचा वेगळा. तिथं लाट टोकाशी वळून फुटते, ती फुटायच्या आत तिच्या पलीकडे जाता आलं पाहिजे. आणि शेवटचा..." ती थांबली. "शेवटच्याला खाली पोवळ्याचा खडक असतो. वर पाणी थोडं. लाट एकदम भिंतीसारखी उठते. तिथं पडायची सोय नाही."

"अमेय कितवीत होता?" मनोहररावांनी विचारलं. शाळेतल्या मुलाबद्दल विचारावं तसं.

"मधल्यात होता. मीपण. त्याला शेवटचं करायचं होतं. लहान अंदमानात एक जागा आहे, तिचे व्हिडिओ बघत बसायचा."

"मग तिथंच." मनोहररावांनी टेबलावर हात ठेवला. "राहिलं ते पूर्ण करू. मी आत जाईन. बड्या तालाबावर, शीतलदासच्या बगियात जन्म गेला माझा. हा किनारा ते तो किनारा पोहलोय जवानीत."

"बाबा, तलाव वेगळा..."

"पाणी पाणीच असतं गं. तू आणि मी जाऊ." मग बायकोकडे वळून, प्रेमानंच, "तू घरी थांब. श्राद्धाची तयारी असते. आणि तुला पाण्याची भीती."

सुनंदाबाई चहाचे कप उचलून आत गेल्या. नळ सोडला. कप धुऊन झाले तरी पुन्हा धुतले.

तू थांब. भदभद्याला नेतानाही हेच, बायका जात नाहीत, तू थांब. नर्मदेलाही हेच. घाटाच्या वरच्या पायरीवर त्या उभ्या होत्या. "खाली चिखल आहे, तू इथंच थांब," म्हणून मनोहरराव आणि दीर नावेत चढले होते. नाव मध्यावर गेली, एक हात बाहेर आला, उपडा झाला, आणि परत आत गेला. कुणाचा हात होता तेही वरून कळलं नाही. ज्याला या हातांनी न्हाऊ घातलं, भरवलं, दप्तर पाठीला अडकवून फाटकापर्यंत सोडलं, त्याला शेवटचं सोडताना आईचा हात नव्हता. म्हणून तो अजून सुटला नव्हता. त्यांच्या पुरता तरी नव्हता. झाडावर होतं तेवढंच आता उरलं होतं, आणि तेही त्यांच्या हाताविना जाणार होतं.

रविवारी पहाटे रसिका सासऱ्यांना म्हणाली, "चला, तुमच्या तलावावरच बघू." बंगलोरहून आलेली अमेयची फळी पलंगाखाली होती, ती तिनं ओढून काढली. सुनंदाबाईंनी पदर खोचला आणि न विचारताच गाडीत बसल्या.

बगियाच्या घाटावर मनोहररावांचं मित्रमंडळ अंगाला तेल चोळत बसलं होतं. त्यांतले प्रकाशराव ग्वाल्हेरकडचे; तोंडाला कुलूप नाही.

"क्या मनोहर, हा इस्त्रीचा पाट कुठून आणला?"

"सर्फिंगची आहे."

"आता म्हातारपणी समुद्रात?" प्रकाशराव हसले, मग एकदम गप्प झाले. कशासाठी ते त्यांना आठवलं. आवाज खाली आला. "काही फिकर करू नका, सूनबाई. समुद्र म्हणजे काय शेवटी, मीठ घातलेला तालाब. आपला मनोहर तर मगर आहे."

मगर फळीवर पालथी पडली आणि तलावाच्या निश्चल पाण्यात, जिथं एक वेलांटीएवढी लाट नव्हती, डावीकडे कलंडली. पुन्हा चढली, उजवीकडे कलंडली. रसिका छातीभर पाण्यात उभी राहून सांगत होती, "बाबा, पकडू नका तिला. अंग सैल सोडा." मनोहरराव फळीला आणखी घट्ट पकडत होते. इतका चांगला पोहणारा माणूस, पण त्याला पाणी आपल्या हातानं कापायची सवय. पाण्यानं आपल्याला न्यावं हे त्याच्या अंगाला ठाऊकच नव्हतं. मित्र आधी हसले, मग नजर दुसरीकडे वळवून साबण शोधू लागले. कारण मनोहरराव वर यायचे ते दरवेळी जास्त रागानं यायचे, आणि तो राग फळीवरचा नव्हता.

"समुद्रात मी पडले तर मला समुद्र उचलून आणतो," रसिका म्हणाली. "बाबा, तिथं पोहणं बघत नाहीत. पडणं बघतात. अंदमानच्या त्या जागी तुम्हाला नाही नेणार मी. मीसुद्धा जाणार नाही. मला माझी पायरी माहीत आहे."

"मग त्याचं राहिलेलं कोण करणार?"

पलीकडे मशिदीचे मिनार धुक्यातून वर आले होते. पाणबुडी पक्षी एका जागी बुडाला आणि भलतीकडेच निघाला.

तेव्हा सुनंदाबाई उठल्या. चपला काढल्या. घाटाची पहिली पायरी, पाणी घोट्याला. दुसरी पायरी, पोटऱ्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. तिसरीवर शेवाळ होतं, पाय चाचपडत टेकला, आणि पाणी गुडघ्याला लागलं. त्या थांबल्या. पुढची पायरी दिसत होती. पण पाऊल उचलेना.

"अगं, काय करतेस? पडशील," मनोहरराव ओरडले.

"रसिका," सुनंदाबाई म्हणाल्या, नवऱ्याकडे न बघता, "मला एवढं येतं. गुडघ्यापर्यंत. माझ्या गुडघ्याएवढा समुद्र मिळतो का कुठं?"

रसिका पाण्यातच थबकली. तिनं सासऱ्यांना तपासलं होतं, स्वतःला तपासलं होतं. आईला कितवी येते, हे विचारायचं तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मिळतो, आई," ती हळूच म्हणाली.

घरी आल्यावर मात्र ठिणगी उडाली. मनोहरराव पंचा खांद्यावर टाकून अंगणात येरझाऱ्या घालत होते.

"नवशिक्यांचा किनारा! जिथं टुरिस्ट पोरं शंभर फोटो काढून घेतात. इंजिनिअर झालेल्या पोराला नेऊन पुन्हा बालवाडीत बसवायचं? तो पुढं गेला होता, सुनंदा. त्याला मागं आणायचं?"

"बालवाडीत मीच सोडलं होतं त्याला," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही दौऱ्यावर होतात. तो रडला नाही. मी रडले. फाटकाबाहेर उभी राहून. बाईंनी दार लावून घेतलं तरी त्याची डोक्यावरची टोपी मला खिडकीतून दिसत होती."

"म्हणून काय?"

"म्हणून काही नाही. तुम्हाला सोडता आलं, नर्मदेत. तुम्ही परत येऊन जेवलात. म्हणत नाही की दुःख नव्हतं. पण जेवलात. मी अजून त्याच वरच्या पायरीवर उभी आहे, अहो." आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मनोहररावांच्या येरझाऱ्या थांबल्या. "तुम्ही अंदमानला जा, चंद्रावर जा. पण माझ्या हाताविना तो लोटा या झाडावरून उतरणार नाही. मी उतरू देणार नाही."

त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली होती. 'मी देणार नाही' हे वाक्य त्या अंगणात पहिल्यांदाच उभं राहिलं. मनोहरराव बकुळीच्या बुंध्याला टेकले. वर बघितलं. वर्षात पहिल्यांदा बघितलं.

"फडकं विटलंय," ते म्हणाले. "नवं बांधू. मी आणतो बिट्टन मार्केटमधून."

रसिकानं निवडला तो किनारा कर्नाटकातला, मुल्कीच्या बाजूचा. निवडताना तिनं फार विचार केला. लाट लहान हवी. तळाला वाळू हवी. पाऊस उलटून समुद्र निवळलेला हवा. आणि त्याच वाळूत अमेय पहिल्यांदा पडला होता, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. गाडीत लोटा जमिनीला टेकवायचा नाही म्हणून तिघांनी पाळीपाळीनं मांडीवर घेतला. सुनंदाबाईंची पाळी संपतच नव्हती, आणि कुणी मागितलीही नाही.

समुद्र त्यांनी आधी ऐकला, मग पाहिला. माडांच्या पलीकडे कुणीतरी मोठं जातं ओढतंय, असा आवाज. सुनंदाबाईंच्या आजोळी वर्ध्याकडे आजी दळायची, तिच्या मांडीला डोकं लावून पडलं की असाच आवाज कानात शिरायचा, आणि त्यावर आजीची ओवी. आजीची एकही ओवी आता पुरती आठवत नव्हती. पण चाल आठवत होती. चाल विसरत नाही माणूस.

सकाळची वेळ. लांब पिवळसर वाळू, बरीच मोकळी. एका टोकाला फळ्या मांडून बसलेला, सर्फिंग शिकवणारा तिथलाच तुळू मुलगा, त्याला रसिका आधी जाऊन भेटली. तो उठून उभा राहिला, आणि त्यानं शिकाऊ मंडळींना हातानं दुसऱ्या टोकाकडे सरकवलं. एवढंच केलं. जवळ आला नाही.

मनोहररावांनी गुरुजींनी लिहून दिलेला मंत्र म्हटला. मग मागे सरले. "जा," म्हणाले.

सुनंदाबाई लोटा घेऊन पाण्यात शिरल्या. थंड नव्हतं. वाळू पायाखालून पळत होती, तळवे कुरतडल्यासारखे होत होते. घोटे. पोटऱ्या. गुडघे. लाट आली, तिनं लुगड्याचा घेर फुगवला आणि सोडला. त्यांनी फडकं सोडलं. आत हात घातला. इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं. ओठांवर चाल आली आणि चालीला लागून शब्द, कुणाचे नव्हे, त्यांचेच:

गुडघ्याएवढं गं पाणी, माझ्या बाळाचं अंगण
पुढं सोडीते मी हात, त्याला आभाळ राखण.

आणि मूठ उघडली.

पाण्यावर राखाडी डाग पसरला, क्षणभर थांबला, आणि पुढची लाट तो उचलून सरळ त्यांच्याकडे घेऊन आली. लुगड्यावर, पोटऱ्यांवर, वाळूवर. लाट परत गेली, राख राहिली.

"परत आला," काठावरून मनोहरराव म्हणाले. "अगं, परत आला तो."

नदीकाठची माणसं. सोडलं की वाहून जातं, हेच पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. समुद्राची लाट काठाला येते, सगळं काठाला आणून टाकते, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. रसिकाच्याही नाही, ती या लाटेवर किती वेळा स्वतः काठाला आली होती, तरी.

मनोहरराव धावत आत शिरले. "दे इकडे. मी पुढं जाऊन सोडतो." त्यांनी लोटा घेतला, डोक्यावर धरला, आणि कमरेपर्यंत गेले, छातीपर्यंत गेले. लाट काही मोठी नव्हती. पण ती खांद्यावर आली तेव्हा त्यांनी तिला तलावाच्या सवयीनं अडवलं, छाती काढून, आणि ती त्यांना घेऊन उलटी झाली. दिसेनासे झाले. फक्त एक हात, आणि हातात लोटा, पाण्याबाहेर. उभा. हलत होता, पण उपडा झाला नाही. मग रसिकानं त्यांना दंडाला धरून उथळ पाण्यात ओढून आणलं. खोकत, नाकातोंडातून खारं पाणी गाळत ते वाळूत गुडघ्यांवर बसले.

"मला नाही येत," ते म्हणाले. "सुनंदा, मला नाही येत हे."

सुनंदाबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं. लोटा त्यांच्या हातातून सोडवून घेतला. बोटं एकेक करून उघडावी लागली. आत अजून निम्म्याहून जास्त होतं. आपल्या लुगड्याकडे बघितलं. त्याच्यावरची राख त्यांनी झटकली नाही.

"मी सोडला," त्या म्हणाल्या. "तो आला. आईकडे येणारच. त्यात काय चुकलं?" मग रसिकाकडे वळल्या. ती अमेयची फळी काखेत धरून उभी होती, ओठ घट्ट. वर्षभर ती त्या घरात कुणासमोर मोकळी रडली नव्हती. ते सासू-सासऱ्यांचं काम, असं समजून जणू मागच्या रांगेत उभी राहिली होती. सुनंदाबाईंना ती रांग आता दिसली. आपण वरच्या पायरीवर होतो, आणि ही आपल्याही मागे.

"याच्यापुढचा तुझा आहे," त्या म्हणाल्या. "मीच देतेय. घे."

"आई, मी..."

"घे गं. माझ्या हातून घे."

रसिकानं लोट्याचं तोंड ओढणीनं बांधून तो पाठीला आवळला. फळीवर पालथी झाली. पहिली लाट तिनं खालून घेतली, दुसरीवरून उडाली. हात लांब, संथ, एकामागून एक. तिसऱ्या लाटेपलीकडे ती ठिपका झाली, आणि ठिपका उठून बसला.

मग काहीच घडलं नाही. ठिपका बसून राहिला. लाटा मध्ये उठायच्या आणि तो झाकला जायचा, पुन्हा दिसायचा. हात उपडा झाला का, कधी झाला, काठावरून कळलं नाही. आणि या वेळी ते न कळणं सुनंदाबाईंना खुपलं नाही. त्यांना दुसरंच काही खुपायला लागलं. किती वेळ बसलीय ही.

"रसिका!" त्यांनी हाक मारली. लाटेनं ती अर्ध्यातच खाल्ली. "अहो, ती येत का नाही?"

"येईल," मनोहरराव म्हणाले, पण उठून शेजारी येऊन उभे राहिले, आणि दोघांनी एकमेकांचा हात कधी धरला ते दोघांनाही कळलं नाही. पोरगं गेलं तो हिशोब संपला होता; आता दोन म्हातारी माणसं एका परक्याच्या लेकीसाठी समुद्राकडे डोळे लावून होती, आणि ती परकी नव्हती.

ठिपका वळला. मागून एक बरी लाट उठली, तिनं फळी उचलली, आणि रसिका उभी राहिली. गुडघ्यात वाकून, हात पसरून. लाटेबरोबर ती काठाकडे येत राहिली, फेस झाला तरी येत राहिली, आणि अगदी जवळ आल्यावर धपकन बाजूला पडली. सुनंदाबाई पाण्यात धावल्या. तिला दंडाला धरून उठवलं. केसांतून, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यातलं समुद्राचं कुठलं ते विचारायची गरज नव्हती. सुनंदाबाईंनी तिला छातीशी घेतलं, आणि वर्षभर अडलेलं त्या पोरीचं रडू तिथं भर पाण्यात सुटलं.

मनोहररावांनी वाहत चाललेली फळी पकडून आणली आणि निमूट धरून उभे राहिले.

रडू ओसरल्यावर रसिका म्हणाली, "लोटापण सोडला, आई. चालेल ना?"

"चालेल."

"तिकडे, लाटांच्या पलीकडे, काहीच हलत नाही. नुसतं वरखाली होतं. श्वास घेतल्यासारखं."

सुनंदाबाईंनी तिचे केस पिळले, कानामागे सारले. पोरीची नजर पुन्हा आतल्या बाजूला गेलेली त्यांनी पाहिली. त्या नजरेत आता राख नव्हती. लाट कुठून उठतेय ते ती बघत होती.

"पुन्हा जायचंय तुला?"

रसिका दचकली. "आत्ता? नको, कसं दिसेल..."

"कुणाला कसं दिसेल?" सुनंदाबाईंनी नवऱ्याच्या हातातून फळी घेतली आणि तिच्या काखेत दिली. "जा. आम्ही बसलोय."